दोन घरचा पाहुणा

वयाच्या ५७ व्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्या बाईकडे लोक दोन तऱ्हांनी पाहतात. काहींना तिचे कौतुक वाटते आणि काहींना तिच्या घरच्या माणसांची काळजी वाटते. कौतुक करणारे "वा, या वयात!" असे म्हणतात, आणि त्यातल्या 'या वयात'वर असा काही भार देतात की ऐकणाराला तिथल्या तिथे म्हातारपण यावे. काळजी करणारे त्या मानाने परवडले. आमच्या शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून सरळच विचारले, "अगं, तुझं ते सी. ए. झालंय ना एकदा? मग आता पुन्हा आणि कसली परीक्षा?"

"परदेशी कराची, काकू."

"परदेशी? मग इथे राहून कशाला द्यायचीस?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. पण ते जिन्यात सांगण्याजोगे नव्हते. फराळाचे ताट समोर असताना कराचा विषय काढणे हेही तसे अशुभच. तरी वाचकांनी चकली खाली ठेवू नये. मी सांगणार आहे ते शेवटी घरचेच आहे.

माझा धंदा हिशेबनिसाचा. तीस वर्षांपूर्वी पुण्यात मी पाटी लावली तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा सारा संसार एका कापडी पिशवीत मावत असे. पगाराचा दाखला, विम्याच्या पावत्या, पोस्टातली बचत प्रमाणपत्रे आणि फार तर एखाद्या खोलीचे भाडे. ती पिशवी टेबलावर उपडी केली की अर्ध्या तासात माणूस कळायचा. पुढे पुढे त्याच माणसांच्या त्याच पिशवीतून भलतेच कागद निघू लागले. मुलगा टेक्सासात, सून टोरांटोच्या कंपनीचे काम बाणेरमधून करते, जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलीचे तिथले खाते बंद करायचे राहिले आहे, आणि आजोबांच्या नावाने कुठल्या तरी अमेरिकन कंपनीचे शेअर आहेत. दर दिवाळीत ही मुले घरी यायची, आईबापांना नमस्कार करायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायची. मी त्यांना जमेल ते सांगत असे. पण सांगताना पायाखालची जमीन आपली नाही असे वाटे. शेवटी ठरवले की हा विषय पहिल्यापासून शिकायचा.

परीक्षा लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनची. संस्था १९३० सालची, परीक्षा मात्र २००४ पासूनची. तिचे पूर्ण नाव ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंटरनॅशनल टॅक्सेशन. तोंडी नाव 'एडिट'. पहिला पेपर तत्त्वांचा, तो कुणालाच चुकत नाही. बाकीचे आपल्या निवडीचे. त्यात एखाद्या देशाचा कायदा घेता येतो आणि त्या देशांत भारतही आहे. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, ती होते. २०२० पासून पेपर संगणकावर, आपापल्या घरी बसून द्यायचा. म्हणजे काकूंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. परदेशी परीक्षा मी इथे राहूनच देणार होते.

'आपापल्या घरी' हे शब्द मी तेव्हा बेसावधपणे वाचले होते.

गेल्या साली गणपती झाले आणि मी पुस्तके घेऊन रत्नागिरीला आईकडे गेले. आईला ८८ वर्षे पूर्ण झालेली. सोबतीला एक बाई असते. पण पावसाळ्यात आईचे गुडघे धरले होते आणि कुणीतरी जवळ असावे असे वाटत होते. आईजवळ राहणेही होईल आणि अभ्यासही होईल, असा माझा दुहेरी हिशेब. आमचे घर कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी; दक्षिणेच्या अंगाला एक खोली. त्या खोलीत खिडकीखाली शिसवी टेबल आहे, उजेड चांगला येतो. मी पुस्तके उचलून तिकडे निघाले तशी आई म्हणाली, "बायो, तिथं नको पसरूस. ती दादाची खोली."

"दादा दसऱ्यानंतर येणार, आई. अजून महिना आहे."

"असू दे. झाडूनपुसून ठेवलीय."

मी माजघरात सतरंजी टाकली. आंतरराष्ट्रीय करशास्त्राचा अभ्यास मी एका पाटावर पुस्तक आणि दुसऱ्या पाटावर संगणक ठेवून केला. अभ्यास वाईट झाला नाही.

या शास्त्राचा मूळ प्रश्न मुलालाही समजेल असा आहे. समजा, हापूसच्या कलमांची बाग रत्नागिरीत आहे आणि बागेचा मालक लंडनला राहतो. (शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, हे मला माहीत आहे. उदाहरणातल्या आंब्याला तेवढा कर लागू द्यावा.) तर बागेतून आलेल्या पैशावर कर कुणी घ्यायचा? रत्नागिरीची माती म्हणते, "माझ्यावाचून आंबा आला असता का? पाणी माझे, रस्ता माझा, राखणदार माझा." लंडन म्हणते, "मालक माझ्या छपराखाली झोपतो, माझ्या दवाखान्यात जातो, त्याची मुले माझ्या शाळेत शिकतात." दोघांचेही खरे. दोघांनीही कर घेतला तर मालकाच्या हाती कोय उरते. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असे आपण म्हणतो ते दोन्ही यजमान 'तो तिकडे जेवला असेल' असे समजतात म्हणून. करांच्या बाबतीत दोन्ही यजमान त्याच्या पानातले काढून घेतात, पण उपास घडतो तो पाहुण्यालाच.

पहिल्या महायुद्धानंतर हा उपास फारच वाढला. युरोपातली सरकारे कर्जात बुडालेली आणि करांचे दर आभाळाला टेकलेले. तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थशास्त्रज्ञांना या प्रश्नाचा विचार करायला सांगितले, आणि त्यांचा अहवाल १९२३ साली आला. हॉलंडचे ब्रुइन्स, इटलीचे आइनाउदी, अमेरिकेचे सेलिग्मन आणि इंग्लंडचे सर जोसाया स्टँप असे ते चौघे. त्यांनी विचारलेले प्रश्न मला फार आवडले. संपत्ती जन्मली कुठे? ती आज आहे कुठे? तिच्यावरचा हक्क बजावता येतो कुठे? आणि अखेर ती भोगली जाते कुठे? या चार प्रश्नांची उत्तरे पाहून त्या संपत्तीची आर्थिक निष्ठा कोणत्या देशाकडे किती, ते ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. अहवाल रुक्ष आहे. पण हे चार प्रश्न पैशाला विचारावेत तसे माणसालाही विचारता येतील, असे माजघरात वाचताना मला सारखे वाटे.

आणि ही माणसे पाहा. आइनाउदी पुढे १९४८ साली इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. सेलिग्मन हे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणाची वाढ कशी झाली यावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. म्हणजे त्याच सुमाराला एकाच करातला वाटा कुणाचा, हा प्रश्न गुरू देशादेशांमध्ये सोडवीत होता आणि शिष्य एकाच साम्राज्याच्या पोटात, मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यामध्ये सोडवीत होता. आपल्या शाळांतून बाबासाहेबांचे अर्थशास्त्र एवढे कमी का सांगतात, कोण जाणे.

सर्वांत चटका लावणारी हकीगत स्टँपसाहेबांची. १९४१ च्या एप्रिलात लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत होती. त्यातला एक त्यांच्या घरावर पडला आणि ते, त्यांची पत्नी आणि थोरला मुलगा असे तिघेही गेले. कोण आधी गेले ते कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी इंग्लंडचा कायदा वयाने मोठा असेल तो आधी गेला असे धरून चालतो. म्हणून कायद्याच्या डोळ्यांनी आधी बाप गेला, निमिषभर मुलगा वारस झाला, आणि मग मुलगा गेला. एका रात्रीत एकाच इस्टेटीवर मृत्युकर दोनदा बसला. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून ज्याने डोके शिणवले, त्याच्याच घरावर ही पाळी! मी हे आईला वाचून दाखवले. आई पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "धाकटी मुलं होती ना कुणी?" होती. आईला करापेक्षा ते महत्त्वाचे वाटले.

पुढचा इतिहास मी झरझर सांगते, कारण तो झरझर वाचण्याच्याच लायकीचा आहे. राष्ट्रसंघाने १९२८ साली कराराचे नमुने तयार केले. १९६३ साली श्रीमंत देशांच्या संघटनेने आपला नमुना काढला आणि १९८० साली संयुक्त राष्ट्रांनी गरीब देशांकडे थोडे झुकते माप देणारा दुसरा काढला. त्यांच्या आधाराने देशादेशांत करार झाले. भारताचे ९० हून अधिक देशांशी आहेत. अर्थात जिथे कुंपण तिथे भगदाड. २००७ साली व्होडाफोनने भारतातल्या एका मोबाईल कंपनीतला ६७ टक्के वाटा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. पण हात बदलला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एक शेअर. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने यावर कर लागतो म्हटले, २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने लागत नाही म्हटले, सरकारने त्याच वर्षी मागल्या तारखेपासून कायदा बदलला आणि २०२१ साली ती मागली तारीख मागे घेतली. यावर मी एक संपूर्ण आठवडा घालवला. आईच्या गुडघ्याला तेल लावताना तो सबंध खटला मी तिला सांगितला, तेव्हा तिने एवढेच विचारले, "आणि फोन लागत होते ना सगळ्यांचे?"

मात्र रंगाऱ्याची गोष्ट तिला पसंत पडली. परदेशी धंदेवाल्यावर आपण कर केव्हा घ्यायचा? तर त्याचे इथे कायमचे बस्तान असेल तेव्हा. बस्तान म्हणजे काय, हे समजावून देताना त्या आदर्श कराराच्या भाष्यात एका रंगाऱ्याचे उदाहरण दिले आहे. हा रंगारी आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या कचेरीच्या इमारतीत आठवड्याचे तीन दिवस, दोन वर्षे रंग काढतो. इमारत त्याची नाही, तिथे त्याची खुर्चीसुद्धा नाही, तरी तिथे त्याचे बस्तान आहे. उलट एखादा विक्रेता गिऱ्हाइकाच्या कचेरीत वर्षानुवर्षे येऊन ऑर्डरी घेऊन गेला तरी त्याचे तिथे काही नाही, कारण ती जागा त्याच्या स्वाधीन नाही.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "येतो तो वेगळा आणि असतो तो वेगळा."

भाष्यकारांनी या भेदावर पाने खर्च केली आहेत. मी आईचे वाक्य वहीच्या समासात लिहून ठेवले.

दसरा झाला आणि दादा आला. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. १९८३ साली इंजिनिअर होऊन इंग्लंडला गेला, तिथेच नोकरी केली, तिथलाच नागरिक झाला. वहिनी जाऊन सहा वर्षे झाली. दोन्ही मुलगे तिकडेच, नातवंडे तिकडेच. वहिनी गेल्यापासून दसऱ्यानंतर रत्नागिरीला यायचे आणि एप्रिल संपता संपता आंब्याच्या पहिल्या पेट्या घेऊन परत जायचे, असा त्याचा नेम झाला होता. आईला मुलगा मिळाला आणि दादाला ऊन मिळाले. कुणाचेच काही बिघडले नव्हते. बिघडले ते दिवसांच्या मोजणीत.

आपला कायदा दिवस मोजतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की तुम्ही इथले रहिवासी. १९६१ च्या कायद्यात हा आकडा होता आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही तोच आहे. बाहेरून परतलेल्याला पहिली काही वर्षे सवलत मिळते; दादाची ती वर्षे सरली होती. दिवस १९० च्या वर भरत होते. इंग्लंडही दिवस मोजते, पण वर्ष ६ एप्रिलपासून धरते. १७५२ साली त्यांनी पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले आणि महसुलाचे दिवस मात्र गाळायला त्यांचे मन होईना, त्याचा हा अवशेष. शिवाय २०१३ पासून त्यांच्या कायद्यात दिवसांच्या जोडीला 'धागे' मोजतात. हा शब्द माझा नाही, त्यांच्याच कायद्यातल्या शब्दाचे हे मराठी. तिथे राहायला घर असणे हा एक धागा, आधीच्या वर्षांत पुष्कळ राहिलेले असणे हा दुसरा. दादाचे धागे बळकट होते. म्हणून तो तिथलाही रहिवासी ठरत होता आणि इथलाही. अन् त्याची पेन्शन, ती खासगी नोकरीची, ज्या देशाचा रहिवासी त्याच देशाने तिच्यावर कर घ्यायचा, असा करार! म्हणजे दादा कुठला, हे ठरल्याशिवाय गाडे हलेना. कर इंग्लंडात कमी बसत होता.

दोन देशांचा रहिवासी असलेल्या माणसाचा निवाडा कसा करावा, हे करारात पायरीपायरीने दिले आहे. कायमचे घर कुठे आहे ते आधी पाहावे. दोन्हीकडे असेल तर त्याच्या जिव्हाळ्याच्या संबंधांचा मध्य कुठे आहे ते पाहावे. तेही कळेना तर तो सवयीने कुठे राहतो ते, मग नागरिकत्व, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर दोन्ही सरकारांनी बसून ठरवावे. पहिल्या दोन पायऱ्या मी गणपतीनंतरच पाठ केल्या होत्या. त्या आमच्या ओटीवर येऊन बसतील असे वाटले नव्हते.

दिवाळी चार दिवसांवर होती. इंग्लंडात विवरणपत्राची मुदत ३१ जानेवारीपर्यंत असते, म्हणून दादाच्या तिकडच्या हिशेबनिसाने प्रश्नावली धाडली होती. दादा ओटीवर संगणक मांडीवर घेऊन बसला होता. आई आत माजघरात चकलीची भाजणी चाळीत होती, मी तिच्याजवळ पुस्तक घेऊन.

"बाये, ऐक," दादा बाहेरून म्हणाला. "विचारलंय, भारतात आपलं कायमचं घर आहे काय? मी 'नाही' लिहितोय. घर आईच्या नावावर आहे. मी काय, पाहुणा म्हणून येतो. बरोबर ना?"

चाळणीचा आवाज थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला.

मी म्हणाले, "दादा, आता राहू दे. जेवून बोलू."

रात्री पाने मांडली. आईने दादाला तिच्या जागेशेजारच्या नेहमीच्या पाटावर बसू दिले नाही. भिंतीकडचा, पाहुण्यांचा पाट दाखवला. आधी त्याला वाढले. वांग्याची भाजी वाढताना म्हणाली, "आमच्याकडे तिखट जरा जास्त असतं. चालेल ना आपल्याला?"

दादाने वर पाहिले. आईचा चेहरा शांत.

"थोडा भात घ्या आणखी. संकोच करू नका. आपलंच घर समजा."

चाळीस वर्षे साहेबांच्या देशात मान वर करून वावरलेला, ६६ वर्षांचा माझा भाऊ कानापर्यंत लाल झाला. सोबतीची बाई पदरात तोंड लपवून पडवीत पळाली. मला हसू येत होते. पण आईच्या हातातली पळी बारीक थरथरत होती, आणि ते वयाचे होते की दुसऱ्या कशाचे, हे मी पाहिले नाहीसे केले.

जेवणे झाल्यावर दादा आणि मी ओटीवर बसलो. मी त्याला भाष्य वाचून दाखवले. कायमचे घर म्हणजे मालकीचेच घर हवे असे नाही. भाड्याने घेतलेली एक खोलीही चालते. ती त्या माणसासाठी केव्हाही मोकळी, सतत ठेवलेली हवी, एवढेच. सहलीला, धंद्याच्या फेरीला, शिक्षणाला म्हणून थोड्या दिवसांपुरते मिळालेले छप्पर त्यात धरत नाहीत.

"तुझ्या खोलीत काय काय आहे ते सांग," मी म्हणाले.

तो सांगू लागला. पलंग. मच्छरदाणी. औषधांचा डबा. तीन चष्मे. वहिनीचा फोटो. कपाटात धोतरे, अण्णांची. एक मफलर, रत्नागिरीत कधीच लागत नाही तो.

"तू नसताना त्या खोलीत कोण असतं?"

"कोण असणार?"

"मी महिनाभर इथे होते," मी म्हणाले. "मला बसू दिलं नाही तिथे."

हे मी पुरावा म्हणून सांगितले. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की भाष्यातले ते 'शिक्षणासाठी थोड्या दिवसांपुरते छप्पर' म्हणजे तंतोतंत मी. या घरात माझी अशी एकही खोली नाही. मी येते ती पिशवी घेऊन आणि जाते ती पिशवी घेऊन. लग्न झालेल्या मुलींचे हे असेच असते. याविषयी करारात कलम नाही. मी काही बोलले नाही, पण दादाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"'नाही' लिहिता येणार नाही, दादा," मी म्हणाले.

"नाहीच लिहिता येणार," तो म्हणाला, आणि 'होय'वर खूण केली.

मग दुसरी पायरी आली. करारात शब्द आहेत ते 'प्राणभूत हितसंबंधांचा मध्य' अशा अर्थाचे. मी ते 'जिव्हाळा' या एका शब्दात सांगते. आपल्या जिव्हाळ्यातही जीव आहेच. व्यक्तिगत आणि आर्थिक नाती जिथे अधिक जवळची, तो देश. आम्ही एक कोरा कागद घेतला आणि मधून रेघ मारली. डावीकडे रत्नागिरी, उजवीकडे इंग्लंड. डावीकडे आई लिहिले. मग मी. मग घर, ऊन, सुट्टीत केव्हातरी भेटणारे दोन शाळूसोबती. उजवीकडे दोन मुलगे, सुना, तीन नातवंडे, पेन्शन, बँक, स्वतःचे घर, डॉक्टर, वहिनीच्या नावाने लावलेले झाड, शनिवारी ज्या वाचनालयात तो पुस्तके लावून देतो ते वाचनालय. उजवी बाजू भरत चालली. डावीकडे आई एकटीच पुरेशी आहे असे मनाला वाटत होते. पण कायदा एका नावाला किती वजन द्यायचे ते सांगत नाही. चाळीस वर्षांचे काम, संसार, मालमत्ता, मुले, सगळे तिकडे. प्रामाणिकपणे एकच उत्तर येत होते.

"इंग्लंड," मी म्हणाले. "तुला हवं होतं तेच. पेन्शनीवर तिथेच कर. इथे द्यावा लागणार नाही."

दादाने कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला. कर वाचला म्हणून माणूस खूश होतो, हे मी तीस वर्षे पाहत आले आहे. दादा खूश दिसला नाही.

"म्हणजे घर दोन्हीकडे, पण जीव तिकडे," तो म्हणाला. "असंच झालं ना?"

"असं कागदावर झालं."

"कागद माझ्याच अक्षरातला आहे, बाये."

हिशेबनिसाने यावर बोलू नये. मी बोलले नाही. खाली समुद्राचा आवाज येत होता, भरती असावी.

परीक्षेचे सांगायचे तर डिसेंबरात मी पेपर दिला आणि पास झाले. अजून बाकीचे द्यायचे आहेत. काकूंनी जिन्यात पेढा घेतला आणि पुन्हा "या वयात!" म्हणाल्या. म्हणजे त्याही कौतुकवाल्यांत सामील झाल्या.

पण त्या रात्रीनंतरची सकाळ सांगायची राहिली. आई चहा घेऊन ओटीवर आली. दादाच्या पुढे कप ठेवीत तिने विचारले, "काय लिहिलंस मग, तिकडच्या कागदात?"

"घर आहे म्हणून लिहिलं, आई. इथेही आहे, तिथेही आहे."

दुसऱ्या पायरीचे तो सांगू लागला होता, पण आईने तिकडे लक्षच दिले नाही. पहिल्या उत्तरापाशी तिचा प्रश्न संपला होता.

"मग पाहुणा नव्हेस ना?"

"नाही."

"तर मग ऐक. तुझ्या खोलीवर दोन ठिकाणी गळतं. यंदा मेअखेर शाकारणी करायची आहे, ती तुझ्या पैशानं. अण्णांच्या मागं सगळी मीच करत आलेय." मग ती माझ्याकडे वळली. "आणि ते टेबल माजघरात आणून घे, गो. दादा कुठं अभ्यास करतो! दोघं मिळून उचला, जड आहे."

आम्ही उचलले. खरेच जड होते. दरवाजातून काढताना त्याचा एक पाय उंबऱ्याला अडला आणि दादा म्हणाला, "थांब, तिरकं कर, तुझ्याकडून उचल."